सुभेदाराच्या वर्तणुकीचा दाखला

घोडा खच्ची करायचा, हे वाक्य आमच्या घरात कोणीतरी स्पष्ट उच्चारायला एकवीस दिवस लागले. तोपर्यंत सगळं 'ते'वर चाललं होतं. 'ते' कधी करायचं, 'ते' केल्यावर खुराक तोच ठेवायचा का, 'ते' या वयात झेपेल का. शेवटी बायकोच एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "घोडा खच्ची करायचाय ना? मग करून टाका. 'ते' 'ते' काय लावलंय दोघांनी?" सासऱ्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. मी तहान नसताना पाणी प्यायला उठलो. या विषयावर बायका जितक्या शांतपणे बोलू शकतात तितकं पुरुषांना जमत नाही, असं माझं निरीक्षण आहे आणि ते मी आजवर कुठेही बोलून दाखवलेलं नाही.

ही चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. घोडा सासऱ्यांचा, घर सासऱ्यांचं आणि बायकोही मूळची त्यांचीच. मी घरजावई नव्हतो, हे आधी स्पष्ट केलेलं बरं. स्वतःची जागा मिळेपर्यंत आम्ही तिथे राहत होतो, आणि जागा मिळण्याची वाट बघण्यात सहा वर्षं गेली होती, इतकंच. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. सासरे पोस्टात रजिस्टर पत्रांच्या खिडकीवर चौतीस वर्षं बसून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर लोक बाग करतात, प्रकृतीच्या मागे लागतात, नाहीतर स्वयंपाकघरात लक्ष घालतात. सासऱ्यांनी घोडा आणला. त्यांचा एक बग्गीवाला मित्र धंदा गुंडाळून मुलाकडे राहायला निघाला होता. त्याने "आठ दिवस सांभाळ" म्हणून घोडा दिला आणि नंतर त्याचं साधं पोस्टकार्डसुद्धा आलं नाही.

घोडा तांबूस रंगाचा, बारा वर्षांचा, आणि चाल अशी की गल्लीनेच त्याचं नाव सुभेदार ठेवलं. मागच्या अंगणातली लाकडांची शेड त्याला मिळाली. त्या शेडमध्ये आधी माझी सायकल असायची. सासरे सकाळी त्याला खरारा करायचे, दुपारी पाणी दाखवायचे, संध्याकाळी फिरवून आणायचे आणि हे सगळं करताना त्याच्याशी अखंड बोलायचे. माझ्याशी ते दिवसाला साधारण दोन वाक्यं बोलत, त्यातलं एक "जेवून घ्या" हे असे. घोड्याचा हेवा करणं पदवीधर माणसाला शोभत नाही, पण मला वाटायचा. आता या वयात खोटं कशाला बोलू?

सुभेदारात एकच दोष होता. घोडी दिसली की तो सासऱ्यांचा राहत नसे. आमच्या गल्लीत रोज सकाळी साडेसहाला दूधवाल्याची गाडी यायची आणि ती गाडी एक पांढरी घोडी ओढायची. घोडी बिचारी खाली मान घालून चालणारी. पण तिच्या टापा कानावर पडल्या की सुभेदार मान वाकवून असा काही खिंकाळायचा की आमच्या कपाटातल्या काचा थरथरायच्या. एके दिवशी त्याने शेडची कडी उखडली, फाटक ओलांडलं आणि तो गाडीमागे सुटला. दूधवाल्याने उडी मारून जीव वाचवला. गल्लीचं दूध गल्लीतून वाहिलं. समोरच्या मास्तरांची कपड्यांची दोरी वाटेत आली, ती गळ्यात घालूनच तो परत आला. दोरीवर मास्तरांचे दोन पायजमे होते.

मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, पण शिकवणं सोडलेलं नव्हतं. त्यांनी त्याच दिवशी नगरपालिकेकडे तक्रार लिहिली आणि घरोघर फिरून सतरा सह्या घेतल्या. त्यातली नववी सही माझी होती. मास्तरांनी मला ऑफिसला निघताना फाटकात गाठलं, "सार्वजनिक कामाचा कागद आहे, करा सही" म्हणाले. मला वाटलं, गटारांबद्दल असेल. आमच्याकडे सार्वजनिक कामाचा कागद गटारांबद्दलच असायचा. तक्रारीची नक्कल घरी आली तेव्हा सासऱ्यांनी सतराही सह्या चष्मा लावून वाचल्या, नवव्या सहीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या दिवसापासून "जेवून घ्या"सुद्धा बायकोमार्फत यायला लागलं.

नगरपालिकेचा नियम असा होता: शहराच्या हद्दीत नर घोडा ठेवता येणार नाही. मात्र तो खच्ची केल्यास आणि त्यानंतर पंचेचाळिसाव्या दिवशी तपासणीत त्याची वर्तणूक समाधानकारक आढळल्यास ठेवता येईल. इकडे मोठ्या मेव्हण्याला दुसऱ्या गावी कुठून तरी बातमी लागली. त्याचं पत्र आलं. 'बाबांनी हा पोरखेळ आता बंद करावा. घोडा देऊन टाकावा आणि माझ्याकडे यावं. घर भाड्याने देता येईल.' सासऱ्यांनी पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि मुलीला नव्हे, जावयाला नव्हे, घोड्याला सांगितलं, "तू गेलास तर मीही जाईन. रिकाम्या शेडवर पहारा करायला मी थांबणार नाही." बायकोने ते खिडकीतून ऐकलं. ती रडली नाही, पण त्या दिवशी आमटीत दोनदा मीठ पडलं. आईमागे तिच्याजवळ माहेरचे म्हणून वडील तेवढे उरले होते. मग मीच म्हणालो, "करू या ते."

अर्ज द्यायला सासरे आणि मी दोघंही गेलो, पण एका बाकावर बसलो नाही. खिडकीतल्या कारकुनाने कागद उलटसुलट केला. "ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला अर्ज करता येत नाही. दुसरं कोण आहे घरात?"

"मी जावई."

त्याने तक्रारीची यादी काढली. "तक्रारदारांतही तुमचं नाव दिसतंय."

"ते चुकून झालं."

"चालेल. तक्रारदाराने अर्ज करू नये असा नियम नाही." त्याने लेखणी उचलली. "जनावराशी नातं?"

मी गोंधळलो. "सासऱ्यांचा घोडा आहे हो."

बाजूला चहा ओतणारा शिपाई म्हणाला, "सासऱ्यांनी पोरासारखा वाढवलेला, म्हणजे यांचा मेव्हणाच लागला की." कारकुनाने काही वेळ खरोखरच विचार केला आणि मग त्या रकान्यात 'मालक' लिहिलं. अशा रीतीने, ज्याच्या जवळ जायला मी भीत होतो त्या घोड्याचा मी सरकारी कागदावर मालक झालो. पुढे घोड्याच्या जन्माचा दाखला मागितला गेला, तो नाही म्हटल्यावर दात मोजल्याचा दाखला लागला, आणि दात मोजणाऱ्या डॉक्टरांची सही त्या डॉक्टरांचीच आहे याचा आणखी एक. तीन खेपा झाल्या. सासऱ्यांना मात्र त्या इमारतीत शिरल्यावर तरतरी यायची. शिक्का तिरका पडला तर ते कारकुनाला काचेवर टिचकी मारून दाखवायचे.

जनावरांचे डॉक्टर बुटके, गोल आणि स्पष्ट बोलणारे होते. "दोन-तीन वर्षांचं शिंगरू असतं तर तासाभराचं काम होतं," ते म्हणाले. "हा बारा वर्षांचा गडी आहे. रक्तवाहिन्या मोठ्या, अंग मोठं, आणि सवयी त्याहून मोठ्या. अंगाचं मी बघतो. सवयींचं तुम्ही बघायचं." मी मान डोलावली. सवयींचं म्हणजे काय, हे तेव्हा विचारायला हवं होतं.

ऑफिसात रजा मागायची होती. घोड्याच्या 'त्या'साठी रजा हवी असं लिहिण्याइतका निर्लज्ज मी नव्हतो. मी लिहिलं, 'घरातील ज्येष्ठ सदस्याची शस्त्रक्रिया असल्याने दोन दिवसांची रजा मिळावी.' माणसाच्या हिशेबाने बारा वर्षांचा घोडा ज्येष्ठच असतो, तेव्हा यात असत्य काही नव्हतं.

शस्त्रक्रिया अंगणात, सकाळच्या उजेडात झाली. मोकळी, स्वच्छ जागा आणि लवलवीत गवत, डॉक्टर खूश होते. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर गल्ली ओळीने बसली होती. मास्तर खुर्ची घेऊन आले होते. मालक म्हणून दोर माझ्या हातात. सासरे घोड्याच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटत होते. डॉक्टरांनी सुई काढली, ती मी बघितली, आणि पुढचं मला इतरांकडून कळलं. इंजेक्शन घोड्याला दिलं आणि आधी आडवा झालो मी. डॉक्टरांना घोडा झोपेपर्यंत माझ्या तोंडावर पाणी मारत बसावं लागलं. दोन्ही काढली हे मालकाने स्वतः बघून सही करायची असा नियम होता, पण मालक बेशुद्ध. तेव्हा मास्तर खुर्चीवरून उठले, पुढे गेले, बघितलं, मोजलं आणि साक्षीदार म्हणून सही केली. पुढे कित्येक वर्षं ते ही हकीकत "मी स्वतः मोजली" अशी सुरू करायचे.

डॉक्टर जाताना एक लिफाफा ठेवून गेले. आत पुढच्या सूचना लिहिल्या होत्या आणि वर माझं नाव होतं, कारण मालक मी. मी तेव्हा आतल्या खोलीत कपाळावर ओला रुमाल ठेवून पडलो होतो. लिफाफा सासऱ्यांनी घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर एक चिठ्ठी होती, सुवाच्य अक्षरात. 'आपल्या नावे एक बंद लिफाफा आला आहे. सही करून घेऊन जावा.'

मला वाटलं, हा टोमणा आहे. मी पडलो त्याबद्दल काहीतरी बोचरं लिहून लिफाफ्यात घातलं असणार. माझा स्वाभिमान दुखावला. मी चिठ्ठीची घडी केली आणि टेबलाच्या लंगड्या पायाखाली सरकवली. संध्याकाळी दुसरी चिठ्ठी आली, 'स्मरणपत्र' असं शीर्षक घालून. ती मी फाडली.

आता घोड्याची शुश्रूषा कशी करायची, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. पण ऑपरेशन झालेल्या माणसाचं काय करतात ते सगळ्यांना माहीत होतं. मास्तर म्हणाले, "विश्रांती. पूर्ण विश्रांती. माझ्या हर्नियाच्या वेळी मी तीन आठवडे पलंग सोडला नव्हता." शेडमध्ये जाड गवत घातलं. वारा लागू नये म्हणून पोतं टांगलं. बायकोने भुसा गरम पाण्यात कालवून मऊ करून दिला. गल्लीतली माणसं भेटायला यायला लागली. येणारा दारात चपला काढायचा, आवाज खाली आणायचा, "आता कसं वाटतंय?" असं सासऱ्यांना विचारायचा आणि आपल्या ओळखीतल्या कोणाचं ऑपरेशन कसं बिघडलं ते सांगायचा. काय झालंय हे मात्र कोणी बोलत नसे. एका बाईंनी तर "अपेंडिक्स वेळेवर निघालं हे बरं झालं" असंही म्हटलं, आणि कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमचे साहेब आले. हातात सफरचंदांची टोपली. "वडील कुठे आहेत?" त्यांनी हळूच विचारलं. इतक्यात सासरे समोरून पाण्याची बादली घेऊन गेले. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग पेशंट कोण?" मी त्यांना मागे नेलं. दुसरं काय करणार होतो? साहेब शेडच्या दारात पुष्कळ वेळ टोपली घेऊन उभे राहिले. मग मोठ्या माणसाला शोभेल अशा गांभीर्याने पुढे झाले, सुभेदाराच्या कपाळावर हात ठेवला आणि "काळजी घ्या" म्हणाले. ते कोणाला म्हणाले हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सुभेदाराने सगळी सफरचंदं खाल्ली आणि टोपलीचा काठही.

तिसऱ्या दिवशी त्याला सूज आली. मागच्या पायांच्या मधे भोपळ्याएवढी. तो पाय फाकवून उभा, मान खाली, भुशाला तोंड लावेना. सासऱ्यांचा चेहरा बघवत नव्हता. मी धावत जाऊन डॉक्टरांना आणलं.

डॉक्टर शेडमध्ये शिरले आणि पोतं, गवत, मऊ भुसा बघून दारातच थांबले. "हे काय आहे? बाळंतीण आहे का ती? तीन दिवस उभा ठेवलाय याला?"

"विश्रांती," मास्तर भिंतीवरून म्हणाले.

"पहिला दिवस विश्रांती! दुसऱ्या दिवसापासून दोन वेळा वीस-वीस मिनिटं चालवा, दुडक्या चालीने पळवा, गार पाण्याची धार सोडा. हालचाल नसेल तर सूज येणारच. सगळं लिहून दिलं होतं मी. कागद कुठाय?"

सासरे आत गेले, कपाटाचं कुलूप काढून लिफाफा घेऊन आले. बंद. जसाच्या तसा.

"उघडलासुद्धा नाहीत?"

सासरे ताठ उभे राहिले. "चौतीस वर्षं नोकरी केली. दुसऱ्याच्या नावाचं पत्र कधी उघडलं नाही."

"अहो, घोडा तुमचा आहे ना!"

"पत्र यांचं आहे," सासरे म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. "मी दोनदा कळवलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. भिंतीवरचेसुद्धा. आयुष्यात मी अनेकदा तोंडघशी पडलो आहे, पण त्या वेळेइतकी स्वतःची लाज मला कधी वाटली नाही. एका घरात राहणारी दोन माणसं, मधे एक भिंत, आणि एकाने टोमणा समजून पत्र घेतलं नाही, दुसऱ्याने नियम म्हणून ते उघडलं नाही. भोगत होता घोडा. मी रीतसर सही करून लिफाफा घेतला. सासऱ्यांनी सही तपासली.

डॉक्टरांनी जखम मोकळी करून दिली, आणि त्याच दुपारपासून सुभेदाराला चालवायचं काम माझ्यावर आलं. सासऱ्यांचे गुडघे पळण्याजोगे नव्हते. तेव्हा सकाळी ऑफिसच्या आधी आणि संध्याकाळी ऑफिसनंतर मी दोर धरून गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायचो. सासरे मधोमध उभे राहून घड्याळ बघायचे. पहिल्या आठवड्यात सूज उतरली. दुसऱ्या आठवड्यात माझं पोट उतरलं. लोक सल्ले द्यायचे, तेही मला नव्हे, घोड्याला: "जरा हळू घे रे, जावई मागे राहिले."

सूज गेली तरी खरी अडचण तशीच होती. सकाळी साडेसहाला पांढऱ्या घोडीच्या टापा वाजल्या की सुभेदार पूर्वीसारखाच मान वाकवायचा, पुढचा पाय आपटायचा आणि काचा हलवायचा. मी डॉक्टरांकडे तक्रार घेऊन गेलो. "तुम्ही नक्की दोन्ही काढलीत ना?"

"तुमच्या मास्तरांनी मोजलीत," डॉक्टर म्हणाले. "अहो, दुकान आपण बंद केलं. पण बारा वर्षं दुकानात बसलेला माणूस. शटर खाली आहे हे माहीत असूनसुद्धा तो महिनाभर येऊन पायरीवर बसणारच. काही जण तर आयुष्यभर येतात. निदान चाळीस दिवस घोडीच्या जवळ जाऊ देऊ नका, आणि त्याला दुसरं काहीतरी करायला शिकवा."

घरी येऊन मी हे सासऱ्यांना सांगितलं. ते आधी हसले. मग सुभेदाराच्या आयाळीतली एक काडी काढत म्हणाले, "खरंय. माझा हात अजून दहा वाजले की शिक्का शोधतो." सहा वर्षांत त्यांनी मला स्वतःबद्दल सांगितलेलं हे पहिलं वाक्य. मला त्यांची एकदम माया आली. आता मीही निवृत्त आहे. साडेनऊला पायात बूट चढवून मी कितीदा दारापर्यंत गेलो आहे, ते माझं मला ठाऊक.

शिकवलं ते नालबंदाने. म्हातारा, कमी बोलणारा, तोंडात खिळे धरायची सवय असलेला. त्याने एक सकाळ गल्लीत उभं राहून सुभेदाराचा तमाशा बघितला आणि तोंडातले खिळे काढले. "मारू नका, ओरडू नका. घोडी दिसली की याचं डोकं तिकडे जातं. डोक्याशी भांडायचं नाही. पायांना काम द्यायचं. दोर हलकेच दाबा, दोन पावलं मागे घ्या. गेला की लगेच गाजर. प्रत्येक वेळी. एकदासुद्धा चुकायचं नाही."

मग आमचं शिक्षण सुरू झालं. दूधवाल्याला सांगून गाडी लांबूनच न्यायची ठरलं. तो रोज घोडी थोडी थोडी जवळ आणायचा. घोडी दिसली की मी दोर दाबायचो, स्वतः दोन पावलं मागे जायचो, सुभेदार दोन पावलं मागे यायचा, सासरे गाजर द्यायचे. घोडी नसली तरी सराव चालूच, दिवसात पन्नास वेळा. मला या गोष्टीची इतकी सवय लागली की ऑफिसात साहेब आवाज चढवून बोलायला लागले की मी दोन पावलं मागे जायचो. साहेबांना तो आदर वाटला. त्या वर्षी माझा शेरा चांगला आला.

त्या पंचेचाळीस दिवसांत आम्ही जितके बोललो तितके आधीच्या सहा वर्षांत बोललो नव्हतो. सासरे चालता चालता खिडकीवरच्या गोष्टी सांगायचे. एक बाई दर महिन्याला एकाच पत्त्यावर रजिस्टर पत्र पाठवायची आणि ते दर महिन्याला परत यायचं. ती परत आलेलं पत्र सही करून घ्यायची आणि तिथेच उभी राहून पत्ता नवीन लिफाफ्यावर उतरवायची. "बदललाय का पत्ता, असं विचारावं असं दर वेळी वाटायचं," सासरे म्हणाले. "विचारलं नाही. कामाचा भाग नव्हता." त्या रस्त्यावरची धूळ, उन्हात तापलेला दोर, मधे घोडा आणि दोन बाजूंना आम्ही दोघं. माझ्या संसारात सुखाचे दिवस कमी नव्हते, पण डोळे मिटले की मला तेच दिसतात.

पंचेचाळिसाव्या दिवशी तपासणी होती. मेव्हणा पहाटेच्या गाडीने येऊन दाखल झाला. माणूस वाईट नव्हता, फक्त सगळं ठरवून येणारा होता. "पास झाला तर ठीक," तो बहिणीला म्हणाला. "नाही झाला तर घोडा दुपारी जाईल आणि बाबा माझ्याबरोबर." त्याने वडिलांचे कपडे काढून बॅग भरलीसुद्धा आणि ओसरीवर ठेवली. बायको बॅगेकडे न बघता ये-जा करत होती.

नगरपालिकेचे निरीक्षक मोठी वही घेऊन आले. सासरे दोर धरून पुढे झाले. "आपण कोण?" निरीक्षकांनी विचारलं. "तपासणीत जनावर मालकानेच धरायचं आहे."

म्हणजे मी. सासऱ्यांनी दोर माझ्या हातात दिला. दूधवाला घोडी घेऊन समोरून निघाला. भिंतींवर गल्ली, खुर्चीत मास्तर. वीस पावलं, पंधरा पावलं, दहा. आणि इतके दिवस खाली मान घालून जाणारी ती पांढरी घोडी नेमकी त्या दिवशी थांबली, मान वर केली आणि तिनेच आधी साद घातली.

"हे तपासणीत धरायचं नाही हो!" दूधवाला ओरडला.

सुभेदार दगडासारखा ताठ झाला. मान वाकली. कान पुढे. छाती फुगली. त्याच्या अंगातली सगळी सुभेदारी परत आली आणि तो असा खिंकाळला की निरीक्षकांच्या हातातली लेखणी पडली. मला नालबंद आठवला नाही, गाजर आठवलं नाही, काहीच आठवलं नाही. मी भ्यायलो. आणि भ्यायल्यावर जे करायची मला सवय झाली होती ते मी केलं. दोन पावलं मागे गेलो.

सुभेदारही दोन पावलं मागे आला. तिथे उभा राहिला, घोडीकडे एकदा बघितलं आणि मान वळवून नाक माझ्या खिशात खुपसलं. गाजरासाठी. घोडी पुढे निघून गेली.

निरीक्षकांनी लेखणी उचलली आणि वाचून दाखवत लिहिलं, "वर्तणूक समाधानकारक. आवाज मोठा." भिंतींवरून टाळ्या पडल्या. मास्तर खुर्चीवर उभे राहून हात वर करत होते, जणू घोडा त्यांनीच शिकवला होता. सुभेदार पुढे अकरा वर्षं जगला. त्या घोडीला बघून तो शेवटपर्यंत एकदा हाक मारायचा, मग दोन पावलं मागे सरकून उभा राहायचा. पुढे पुढे दूधवाला गाडी तिथेच थांबवायला लागला, तेव्हा दोघं फाटकाच्या अल्याड-पल्याड नाकाला नाक लावून उभे असायचे.

पण त्या दुपारी हे काहीच माहीत नव्हतं. दाखला ओला असतानाच सासऱ्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, शिक्का सरळ आहे का ते बघितलं, आणि सगळा मजकूर सावकाश वाचला. मालकाच्या रकान्यात माझं नाव होतं. त्या नावावर त्यांची नजर थांबली. मेव्हणा ओसरीवर उभा होता. पास झाला हे त्याला मनापासून आवडलं होतं, पण ठरवून आलेला माणूस रिकाम्या हाताने जायला तयार होत नाही. "बाबा, घोड्याचं झालं, उत्तम झालं," तो म्हणाला. "आता घोड्याला जावईबापू बघतील. तुम्ही चला माझ्याकडे. नातवंडं वाट बघतायत. इथे आता तुमचं काय अडलंय?"

बायको दारात येऊन थांबली होती. मला काहीतरी बोलायचं होतं. थांबा म्हणावं, तर घर त्यांचं. राहू द्या म्हणावं, तर मी कोण? सहा वर्षं ज्यांच्या घरात राहिलो त्यांना राहायचा आग्रह मी कोणत्या तोंडाने करणार? मी नुसता दोर धरून उभा राहिलो.

सासऱ्यांनी दाखल्याची घडी केली आणि माझ्या खिशात घातली. मग मुलाकडे वळले.

"नाही जमणार," ते म्हणाले. "घोडा यांच्या नावावर आहे, आणि यांना घोड्यातलं काडीचं कळत नाही. असं टाकून कसा येऊ मी?"

मी घोड्याचा दोर त्यांच्या हातात दिला, ओसरीवरची बॅग उचलली आणि त्यांच्या खोलीत नेऊन रिकामी केली.